विजेरीची कसोटी

दुकानात विजेरी विकत घेणारा माणूस तिची परीक्षा कशी करतो, हे पाहण्यासारखे असते. तो खोक्यावरचा मोठा आकडा वाचतो, बटण दाबतो, समोरच्या भिंतीवर झोत टाकतो आणि भिंत लख्ख उजळली की समाधानाने पैसे मोजतो. एखादा अधिक चिकित्सक असला तर तो काचेतच डोकावतो आणि डोळे दिपले म्हणजे माल चांगला, असा निर्णय देऊन मोकळा होतो. या परीक्षेत भिंत चार हातांवर असते, सेल ताजे असतात आणि सारा प्रयोग पाच सेकंदांत आटोपतो. खरी परीक्षा व्हावयाची असते ती पुढे. महाराष्ट्राच्या आणि उत्तर कर्नाटकाच्या अनेक भागांत शेतीपंपांना वीज पाळीपाळीने मिळते, आणि ती पाळी पुष्कळदा रात्रीची असते. मोटार चालू करावयास बांधावरून निघालेल्या शेतकऱ्याच्या हाती हीच विजेरी असते. आणि घोणस व मण्यार हे आपल्याकडील दोन अत्यंत विषारी साप बहुधा रात्रीच बाहेर पडतात. अर्ध्या वाटेत झोत मंदावला, तर खोक्यावरचा आकडा खरा होता की खोटा, हा प्रश्न केवळ पैशांचा उरत नाही.

हा आकडा घरच्या घरी तपासता येतो काय? येतो, आणि त्यासाठी मोठी प्रयोगशाळाच लागते असेही नाही. हे दाखवून दिले आहे ते हौशी मंडळींनी. कोणी जुनी घड्याळे दुरुस्त करतो, कोणी रेडिओ जुळवितो, त्याप्रमाणे स्वतःच्या हाताने प्रखर विजेऱ्या बनविणारे आणि त्यांची कसून परीक्षा घेणारे लोक आज अनेक देशांत आहेत. त्यांचा उद्योग प्रथमदर्शनी पोरखेळ वाटेल. परंतु ते ज्या रीतीने मोजमाप करतात, ती रीत समजून घेतली तर एक साधी विजेरी घेणाऱ्या गृहस्थालाही तिचा उपयोग होण्यासारखा आहे.

विजेरीचा इतिहास फार जुना नाही. डेव्हिड मिसेल या संशोधकाला हातात धरावयाच्या नळीवजा विजेरीचे अमेरिकन पेटंट मिळाले ते १८९९ साली. त्या काळचे कोरडे सेल इतके दुबळे आणि दिव्यातील कार्बनची तार इतकी खादाड होती, की बटण फार वेळ दाबून ठेवण्याची सोय नव्हती. क्षणभर उजेड पाडावयाचा, वाट पाहून घ्यावयाची आणि सोडून द्यावयाचे. अमेरिकेत या वस्तूला ‘फ्लॅश-लाइट’, म्हणजे क्षणात चमकून जाणारा दिवा, हे नाव पडले ते यामुळेच. पुढे कार्बनच्या जागी टंगस्टनची तार आली आणि उजेड स्थिर झाला. मराठी घरांत तर सेलवर चालणारी म्हणून या वस्तूला सरळ ‘बॅटरी’च म्हणू लागले.

तारेच्या दिव्याचा जमाना असतानाही हौशी लोक स्वस्थ बसलेले नव्हते. तारेच्या दिव्याला ठरलेल्यापेक्षा पाच टक्के अधिक व्होल्टेज दिले, तर प्रकाश सुमारे अठरा टक्क्यांनी वाढतो. परंतु दिव्याचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. हा सौदा पत्करून त्यांनी विजेरीच्या नळीत मोठमोठे हॅलोजन दिवे बसविले. काही दिवे बटण दाबताच एकदाच भगभगून कायमचे विझत. पुढे दोन शोधांनी या छंदाचे रूप पालटले. जपानमध्ये इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांच्या संशोधनातून तेजस्वी निळा एलईडी दिवा सिद्ध झाला. त्यावर पिवळा उजेड देणाऱ्या स्फुरक द्रव्याचा लेप दिला की पांढरा प्रकाश मिळतो. या तिघांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. दुसरा शोध लिथियम-आयन घटाचा. तो १९९१ साली बाजारात आला आणि त्याच्या पायाभूत संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ले व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आज वीतभर नळीत ही दोन्ही संशोधने शेजारी शेजारी नांदत असतात.

हौशी माणूस आपली विजेरी कशी घडवितो, ते थोडक्यात पाहू. ॲल्युमिनियमची नळी लेथवर कातून घेतलेली असते. तोंडाशी अन्वस्ताकृती, आरशासारखी चकचकीत वाटी, तिच्या मध्यबिंदूत एलईडी, आणि त्याच्या पाठीला तांब्याची जाड चकती. एलईडी हा तारेच्या दिव्यासारखा सोशिक नसतो. त्याच्यावरील व्होल्टेज दशांशाने वाढले तरी त्यातून जाणारा प्रवाह एकदम उसळतो. म्हणून प्रवाहाला वेसण घालणारे एक लहानसे मंडल मध्ये बसवावे लागते. तारा डाख देऊन जोडल्या, झाकणाचे आटे बसले, रबरी कडे घट्ट झाले, की विजेरी तयार झाली. बटण दाबताच अंगण उजळते आणि निर्मात्याच्या चेहऱ्यावर विजेरीपेक्षा अधिक प्रकाश पडतो! परंतु खरे काम येथून पुढे सुरू होते.

प्रकाशाची परीक्षा डोळ्यांवर सोपविता येत नाही, हा या कामातील पहिला धडा. मानवी डोळा हे अद्भुत इंद्रिय आहे. चांदण्यातही ते वाट दाखविते आणि भर दुपारीही काम देते. परंतु या अफाट पल्ल्याची किंमत म्हणून ते प्रमाणाच्या बाबतीत कच्चे असते. प्रकाश दुप्पट केला तरी डोळ्यांना तो दुप्पट भासत नाही. थोडासा वाढल्याचे जाणवते इतकेच. जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाव फेख्नर याने १८६० साली आपल्या ग्रंथात संवेदना आणि तिला कारण होणारी बाह्य शक्ती यांच्या या विषम नात्याचा सविस्तर विचार मांडला होता. विजेरी विकणाऱ्यांना हे नाते ठाऊक असो वा नसो, त्याचा लाभ त्यांना मिळतो. दोन हजारांच्या ठिकाणी चार हजार लिहिले तरी नुसत्या नजरेने तो खोटेपणा पकडणारा माणूस विरळा.

म्हणून मोजमाप हवे. आणि मोजावयाचे काय, तेही आधी ठरवावयास हवे. विजेरीच्या बाबतीत दोन राशींची नेहमी गल्लत होते. विजेरीतून सर्व दिशांना मिळून एकूण जितका प्रकाश बाहेर पडतो, तो ल्यूमेनमध्ये मोजतात. एखाद्या एका दिशेला झोत किती तीव्र आहे, हे कँडेलामध्ये सांगतात. हंडाभर पाणी झारीने अंगणात शिंपडले तर सडा पडतो. तेच पाणी नळीतून सोडून तिच्या तोंडावर अंगठा धरला तर धार पलीकडच्या कुंपणापर्यंत जाते. पाणी तेवढेच, फरक पडतो तो तोंडाचा. एक हजार ल्यूमेन प्रकाश समोरच्या अर्ध्या गोलात सारखा पसरला, तर प्रत्येक दिशेच्या वाट्यास अवघे एकशे साठ कँडेला येतात. हाच प्रकाश उत्तम वाटीने एकवटला, तर मध्यभागी चाळीस हजार कँडेला मिळू शकतात. खोक्यावर बहुधा ल्यूमेन छापलेले असतात, आणि घेणाऱ्याला मात्र हवे असते ते शेताच्या टोकापर्यंत दिसणे. प्रश्न एक आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे, असा हा प्रकार आहे.

झोताची तीव्रता मोजणे सर्वांत सोपे. त्यासाठी लक्समापक नावाचे लहानसे यंत्र मिळते. छायाचित्रकार जसा प्रकाश मोजतो, तसेच हे. काळोख्या खोलीत विजेरी एका टोकाला ठेवावयाची आणि मापक दुसऱ्या टोकाला, झोताच्या बरोबर मध्यावर. अंतर वाढत जाते तसा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, हा नियम शाळेत सर्वांनी शिकलेला असतो. तोच येथे उपयोगी पडतो. समजा, दहा मीटरवर मापकाने नऊशे लक्स दाखविले. दहाचा वर्ग शंभर. नऊशे गुणिले शंभर, म्हणजे झोताची तीव्रता नव्वद हजार कँडेला. एक दक्षता मात्र घ्यावी लागते. मोठ्या वाटीच्या विजेरीचा झोत अगदी जवळ नीट जुळून आलेला नसतो. म्हणून एक-दोन मीटरवरून घेतलेले माप दगा देते. अनुभवी हौशी पाच-दहा मीटर किंवा त्याहूनही अधिक अंतरावरून माप घेतो, आणि एकाच मापावर न थांबता दोन-तीन अंतरांवरून घेतलेली मापे परस्परांशी जुळतात की नाही, ते पाहतो.

आता ‘इतक्या मीटरपर्यंत प्रकाश’ या वाक्याचा अर्थ पाहावा. अमेरिकेत २००९ साली विजेऱ्यांच्या मोजमापाचे ‘एफएल-१’ नावाचे एक मानक ठरविण्यात आले. त्यानुसार ज्या अंतरावर उजेड पाव लक्स, म्हणजे साधारणतः निरभ्र रात्रीच्या पूर्ण चांदण्याइतका उरतो, ते विजेरीचा पल्ला समजतात. हिशेब अगदी सुटसुटीत आहे: कँडेलांचे वर्गमूळ काढावयाचे आणि त्याची दुप्पट करावयाची. नव्वद हजारांचे वर्गमूळ तीनशे. म्हणून पल्ला सहाशे मीटर. यातच एक मार्मिक गोष्ट दडलेली आहे. पल्ला दुप्पट करावयाचा तर तीव्रता चौपट करावी लागते. अमुक विजेरीपेक्षा आमची विजेरी चौपट प्रखर, असे कोणी सांगितले तर ती केवळ दुप्पट दूर जाईल, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय सहाशे मीटरवरील झाडावर पडलेले चांदणे त्या झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाला दिसेल; विजेरी धरणाऱ्याला नव्हे. त्याच्या डोळ्यांपर्यंत तो उजेड परावर्तित होऊन तितकेच अंतर पुन्हा तोडून यावयाचा असतो. वाटेत धूळ आणि धुके असते. म्हणून व्यवहारात कागदावरच्या पल्ल्याच्या निम्म्यावरच भिस्त ठेवावी, असे अनुभवी मंडळी मानतात.

एकूण प्रकाश, म्हणजे ल्यूमेन, मोजणे त्याहून अवघड. कारण झोताचा मध्य आणि कडेची प्रभा या दोहोंचा हिशेब एकत्र व्हावा लागतो. प्रयोगशाळांत यासाठी आतून शुभ्र रंग दिलेला पोकळ गोल वापरतात. जर्मनीच्या रिचर्ड उल्ब्रिख्त यांच्या नावाने तो ओळखला जातो. प्रकाश एका छिद्रातून आत शिरला की शुभ्र भिंतींवर पुन्हा पुन्हा आपटून सर्वत्र सारखा पसरतो, आणि मग कोणत्याही एका जागी माप घेतले तरी ते एकूण प्रकाशाच्या प्रमाणात असते. हौशी माणसाने या महागड्या गोलाला थर्मोकोलच्या पोकळ गोळ्याचा पर्याय शोधला. ज्याच्यापाशी तोही नाही, तो लहान खोलीच्या पांढऱ्या छताचा उपयोग करतो. विजेरी जमिनीवर उभी ठेवून झोत छतावर टाकावयाचा आणि कोपऱ्यात आडोशाला ठेवलेल्या मापकावर खोलीभर पसरलेला उजेड वाचावयाचा. जिचे ल्यूमेन खात्रीने ठाऊक आहेत अशा एखाद्या विजेरीने हेच माप आधी घेतलेले असले, म्हणजे त्रैराशिकाने नव्या विजेरीचा आकडा निघतो. खोली तीच हवी, जागा तीच हवी, आणि माप घेणाऱ्याच्या अंगातील सदराही बदलता कामा नये. कारण पांढरा सदरा लहान खोलीत मापाला हात लावल्यावाचून राहत नाही.

ज्याच्यापाशी मापकच नाही, त्याच्यासाठी एकोणिसाव्या शतकातील एक युक्ती अजून कायम आहे. ती रॉबर्ट बुन्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने प्रसिद्ध आहे. पांढऱ्या कागदाच्या मध्यावर तेलाचा एक थेंब टाकावा. तेलकट डाग पलीकडून उजेड आला तर उजळ दिसतो आणि अलीकडून आला तर काळपट. दोन्ही बाजूंनी सारखा उजेड पडला की डाग जवळजवळ नाहीसा होतो. लांब काळोख्या व्हरांड्यात एका टोकाला जुनी विजेरी, दुसऱ्या टोकाला नवी, आणि मध्ये हा कागद धरून तो मागेपुढे सरकवावा. डाग लोपला त्या जागी कागद जुन्या विजेरीपासून दोन मीटरवर आणि नवीपासून दहा मीटरवर असेल, तर अंतरे पाचपट म्हणून नव्या विजेरीचा झोत पंचवीसपट तीव्र. दोन्ही उजेडांचा रंग भिन्न असेल तर डाग पूर्ण पुसला जात नाही. तरीही ढोबळ सत्य हाती लागतेच. एका थेंबभर तेलात हे काम होते.

येथवरची मापे एका क्षणाची झाली. विजेरीचा खरा स्वभाव कळतो तो काळाच्या कसोटीवर, आणि तिचा पहिला वैरी उष्णता. समजा, घरी घडविलेल्या विजेरीत तीन लिथियम घट आहेत आणि ती छत्तीस वॅट वीज घेते. एलईडीच्या माहितीपत्रकावरून निर्मात्याने पाच हजार ल्यूमेनची अपेक्षा बांधली. परंतु वाटी काही प्रकाश गिळते, साध्या काचेचे दोन पृष्ठभाग मिळून सुमारे आठ टक्के परत पाठवितात, आणि एलईडी तापला की त्याचे तेज आपोआप उतरते. बाहेर पडतात ते चार हजारांच्या आसपास. उरलेल्या विजेचे काय झाले? छत्तीस वॅटपैकी निम्म्याहून अधिक, धरा एकवीस वॅट, निव्वळ उष्णता झाली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाख देण्याची साधी सळई पंचवीस वॅटची असते. तेव्हा हातात विजेरी धरली आहे की सळई, असा प्रश्न पडावा! साडेतीनशे ग्रॅम ॲल्युमिनियमला एक अंश तापविण्यास सुमारे तीनशे पंधरा जूल ऊर्जा लागते. एकवीस वॅटने ती पंधरा सेकंदांत पुरविली जाते. म्हणजे मिनिटाला चार अंश. अठ्ठावीस अंशांवर सुरू केलेली विजेरी सहा मिनिटांत पन्नाशी ओलांडू पाहते, आणि पन्नास अंशांचा धातू फार वेळ हाती धरवत नाही. हवेत जाणारी थोडी उष्णता वजा केली तरी चित्र फारसे बदलत नाही.

म्हणून चांगल्या विजेरीत काही मिनिटांनी तेज आपोआप खाली आणण्याची योजना असते. त्यात लबाडी नाही, शहाणपण आहे. लबाडी होते ती हे न सांगण्यात. वर सांगितलेल्या मानकानुसार प्रकाशाचे माप विजेरी लावल्यावर निदान तीस सेकंदांनी घेतात, आणि प्रकाश आरंभीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सारा वेळ ‘चालण्याचा काळ’ म्हणून धरतात. आता एखादी विजेरी तीन मिनिटे चार हजार ल्यूमेन देऊन नंतर तीन तास सहाशेवर रेंगाळली, तर ‘चार हजार ल्यूमेन, तीन तास’ असे छापण्यास नियमाची आडकाठी नाही. नियम पाळूनही अर्धसत्य सांगता येते, ते असे. हौशी परीक्षक यावर उपाय म्हणून दर मिनिटाला माप घेतो आणि आलेखाच्या कागदावर प्रकाश व काळ यांची रेषा काढतो. ती एक रेषा दहा जाहिरातींहून अधिक बोलते. परीक्षेच्या वेळी पंखा चालू होता की बंद, याचीही तो नोंद करतो. कारण पंख्याच्या वाऱ्यात तेजस्वी राहणारी विजेरी बंद मुठीत तशी राहील, याचा भरवसा नसतो.

काळाचा दुसरा हिशेब घटांचा. अठरा मिलिमीटर जाडीचा आणि पासष्ट मिलिमीटर लांबीचा लिथियम घट या विजेऱ्यांत सर्रास वापरला जातो. त्यातील चांगल्या घटाची क्षमता साधारणतः साडेतीन हजार मिलिअँपिअर-तास असते. ३·६ व्होल्टने गुणिले की १२·६ वॅट-तास ऊर्जा होते. आता बाजारात ‘एक घट, दहा हजार ल्यूमेन, पाच तास’ असा दावा दिसला तर काय समजावे? एका वॅटला दीडशे ल्यूमेन देणारा उत्तम एलईडी धरला तरी दहा हजारांसाठी सदुसष्ट वॅट लागतील, आणि तो घट अकरा मिनिटांत रिता होईल. निसर्गनियमानुसार एका वॅटपासून ६८३ ल्यूमेनहून अधिक प्रकाश मिळूच शकत नाही, आणि तेवढाही केवळ एका विशिष्ट हिरव्या रंगात. असा परिपूर्ण दिवा कोणी बनविला तरी पाच तास राहोत, एक तासही पुरा होत नाही. हा हिशेब करण्यास मापक नको, गोळा नको, पाटी-पेन्सिल पुरे. घटावर ‘९,९०० मिलिअँपिअर-तास’ छापलेले आढळले तर तेही याच पाटीवर पुसून टाकावे. या आकाराचा चांगला घट सुमारे पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम भरतो. मोठा आकडा मिरविणारा घट तराजूत हलका भरला, तर त्याचा हलकेपणा दोन्ही अर्थांनी सिद्ध झाला.

घटांच्या बाबतीत केवळ फसवणुकीचा नव्हे, धोक्याचाही प्रश्न आहे. लिथियम घट पूर्ण भरला असता ४·२ व्होल्ट दाखवितो. एकामागे एक जोडलेल्या तीन घटांपैकी एक दुबळा असला, तर तो आधी रिता होतो आणि उरलेले दोघे त्याच्यातून उलटा दाब देऊन प्रवाह रेटीत राहतात. असा घट तापतो, त्यातून विषारी व ज्वलनशील वायू सुटतो आणि प्रसंगी आग लागते. पाणी शिरू नये म्हणून विजेरी चहूबाजूंनी घट्ट बंद केलेली असते. वायूला वाट मिळाली नाही तर नळीचीच तोफ होते. म्हणून जाणता हौशी एकाच बनावटीचे, एकाच वयाचे घट वापरतो, प्रत्येकाचे व्होल्टेज आधी मोजतो, आणि ज्याच्या वेष्टनाला चरा गेला आहे तो घट बाजूला काढतो. पहिली दीर्घ परीक्षा तो हातात विजेरी धरून घेत नाही. उघड्यावर, फरशीवर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवून घेतो आणि तपमान दुरून वाचतो. प्रवासात पिशवीत विजेरी नकळत लागू नये म्हणून मागील झाकण अर्धा आटा सैल करतो. काचेला काळे कापड टेकले तर प्रखर झोताने ते करपते, हे त्याला ठाऊक असते.

सरतेशेवटी अमावास्येच्या सुमारास मोकळ्या माळावर परीक्षा होते. पावलांनी मोजलेल्या अंतरांवरील झाडे एकेक करून उजळून पाहिली जातात. येथे नवख्याला एक अनपेक्षित अनुभव येतो. झोत पडला तेथे दिवस होतो. परंतु विजेरी विझविताच काळोख पूर्वीपेक्षा दाट वाटतो. काळोखाला पुरते सरावण्यास डोळ्यांना अर्धा तास लागतो आणि तो सराव मोडण्यास काही क्षण पुरतात. प्रखर झोत एक जागा दाखवितो आणि भोवतालच्या दहा जागा लपवितो. पायांपुढची वाट पाहण्यास चार हजार ल्यूमेन नकोत. मंद, पसरट उजेडच उपयोगी पडतो. म्हणून ज्या विजेरीची सर्वांत खालची पायरी चांगली, ती विजेरी चांगली, असे कित्येक अनुभवी परीक्षक मानतात. झोत कोणाच्या डोळ्यांवर, वाहनचालकावर किंवा आकाशातील विमानाकडे वळवावयाचा नाही, हा दंडक तर सर्वांनाच बंधनकारक आहे.

या साऱ्या खटाटोपात सर्वांत कठीण माप कोणते, असे विचारले तर उत्तर असे येईल, की स्वतः घडविलेल्या वस्तूचे. ‘आपला तो बाब्या’ ही वृत्ती विजेरीच्या बाबतीतही सुटत नाही. घट ताजे, नळी गार, बटण दाबल्याचा पहिलाच क्षण, अशा वेळी घेतलेला आकडा नेहमीच गोड असतो. तीस सेकंद थांबले की तो कडवट होऊ लागतो. जो थांबतो, उतरलेला आकडाच वहीत लिहितो आणि पाच हजारांच्या अपेक्षेपुढे चार हजार मांडताना संकोचत नाही, तोच खरा परीक्षक. त्या वहीतूनच तांब्याची चकती जाड करण्याची, काच बदलण्याची, प्रवाह थोडा उतरविण्याची बुद्धी सुचते. खोट्या आकड्यातून मात्र पुढची विजेरी कधीच सुधारत नाही.

दुकानात उभ्या असलेल्या गृहस्थाला लेथ नको, गोळा नको आणि अमावास्याही नको. त्याने खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला तीन प्रश्न विचारावे: हा प्रकाश दूर किती जातो, पहिल्या पाच मिनिटांनंतर तो किती उरतो, आणि आतील घटांत तेवढी ऊर्जा आहे काय? पहिल्याचे उत्तर वर्गमुळाने मिळते, दुसऱ्याचे घड्याळाने आणि तिसऱ्याचे एका गुणाकाराने. घरी आणलेली विजेरी एक रात्र अंगणात लावून ठेवावी आणि ती किती वाजता मंदावते, ते लिहून ठेवावे. बांधावरून जाणाऱ्याला आपला उजेड किती वेळ साथ देईल, हे निघण्यापूर्वी ठाऊक असले पाहिजे. बांधाच्या मध्यावर ते कळून उपयोग नाही.